मुरबाडची भेंडी, मुलुंडचं टेबल

मार्च २०२४च्या पहिल्या आठवड्यात दादाचा फोन आला तो भेंडीच्या भावाचा. कल्याणच्या बाजारात त्या दिवशी आमची भेंडी अठरा रुपये किलोनं गेली होती. त्यातून टेम्पोचं भाडं, हमाली, तोलाई गेली की हातात काय उरतं ते तो सांगत होता, आणि मी इकडे मुलुंड स्टेशनबाहेर वीस रुपये पाव भावाची भेंडी घेऊन उभी होते. पिशवी हातात, फोन कानाला. मी त्याला इथला भाव सांगितला नाही. सांगवेना.

आमचं गाव मुरबाड तालुक्यात, माळशेजच्या रस्त्यावरून थोडं आत. पावसाळ्यात भात, मांडवावर शिराळी, पडवळं, काकडी. भात निघालं की ओलीवर वाल नि हरभरा, आणि विहिरीला पाणी राहिलंच तर उन्हाळी भेंडी. सगळं दादा-वहिनी बघतात. मी मुलुंड पूर्वेला राहते, एका ऑफिसात हिशेब लिहिते. घरापासून दहा मिनिटांवर एका शाळेच्या मैदानात दर रविवारी सकाळी सात ते अकरा शेतकऱ्यांचा बाजार भरतो. तीन वर्षं तिथे मी गिऱ्हाईक होते. गावाकडे थोडी शेती आणि शहरात घर असलेल्या चार-पाच जणांनी गेल्या महिन्यात मला विचारलं, "टेबल मिळतं कसं?" दर वेळी फोनवर तेच सांगण्यापेक्षा तारखांसकट लिहून ठेवते.

१० मार्चला, रविवारी, भाजी घेऊन झाल्यावर बाजार भरवणाऱ्यांपैकी एका काकांना धीर करून विचारलं. हे सगळे आसपासच्या सोसायट्यांमधले निवृत्त लोक, सहा-सात जण. त्यांनी एकपानी फॉर्म दिला. फॉर्म सोपा होता, पण त्याला जोडायचे कागद पाच: पीक नोंद असलेला सातबारा, आधार, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान, कुठल्या महिन्यात काय माल आणणार याचं कोष्टक, आणि "हा माल बाजारातून विकत आणलेला नाही" असं हमीपत्र. टेबलाचं भाडं दर रविवारी ३०० रुपये, अनामत १,०००. "आत्ता जागा नाही. पावसाळ्यात काहींना येणं जमत नाही, तेव्हा बघू," काका म्हणाले.

माझ्या डोक्यात पहिली भीती लायसन्सची. शेतमाल विकायचा तर बाजार समितीचा परवाना लागतो असंच लहानपणापासून ऐकलेलं. काका हसले. जुलै २०१६मध्येच राज्यानं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आहे, शेतकऱ्यानं स्वतः थेट विकायला आडकाठी नाही. त्याच वर्षी पणन मंडळानं संत शिरोमणी सावता माळी यांच्या नावानं शेतकरी आठवडे बाजार सुरू केले. तुमच्या भागात तसा एखादा भरत असेल तर तिथेही विचारा, मात्र गावात शेतकरी गट किंवा उत्पादक कंपनी असली तर तिच्यामार्फत जा. आम्ही एकटे होतो, म्हणून मी या शाळेच्या मैदानालाच चिकटून राहिले.

सातबारा ऑनलाइन निघतो, डिजिटल सहीचा, पंधरा रुपयांत. रात्री साडेदहाला जेवणाच्या टेबलावर बसून काढला, आणि दोन गोष्टी दिसल्या. पहिली, अण्णा गेल्यावर वारसनोंद झाली तेव्हा आईच्या आणि दादाच्या नावाखाली माझंही नाव लागलं होतं. ते मला ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि छापलेलं बघणं वेगळं. दुसरी, गाव नमुना बाराचा रकाना, म्हणजे पिकांचा, कोरा होता. अख्खा कोरा! २०२१पासून ई-पीक पाहणी शेतकऱ्यानं स्वतःच मोबाइलवर करायची असते, शेतात उभं राहून फोटोसकट. दादाचं म्हणणं, शेतात उभं राहिलं की रेंज जाते आणि रेंज येते तिथे शेत नाही. त्यामुळे सरकारदरबारी आमच्या वावरात काहीही उगवत नव्हतं.

फॉर्म घेऊन पुन्हा गेले तर काका म्हणाले, "सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे की! मग भावाच्या नावानं अर्ज कशाला?" अर्जदार शेतकऱ्याची सही, या रेघेवर मी सही केली. तेवीस वर्षं ऑफिसात दिवसाला शंभर सह्या करते मी. ही जरा वाकडी आली.

पिकाच्या नोंदीला पर्याय म्हणून त्यांनी कृषी सहायकाचा दाखला चालेल म्हणून सांगितलं: अमुक गटात उन्हाळी भेंडी आणि भाजीपाला उभा आहे, प्रत्यक्ष पाहिलं, एवढंच. एरवी आठवड्याचं काम. पण ते निवडणुकीचं वर्ष, २० मेला आमच्याकडेही मतदान आणि गावाकडेही. तलाठी, कृषी सहायक, सगळेच त्या कामाला जुंपलेले. दादानं तीन चकरा मारल्या. चौथ्या खेपेला ३ मे रोजी दाखला हातात आला, तेव्हा दाखल्यातली भेंडी निम्मी काढून झाली होती. तुम्हाला करायचं असेल तर फुकटचा सल्ला: खरिपाच्या ई-पीक पाहणीची मुदत चुकवू नका. गावातल्या एखाद्या कॉलेजच्या पोराला बरोबर घ्या, नोंद शेतातच भरा आणि रेंजमध्ये आल्यावर पाठवा. पुढचं वर्षभर कुणाचे पाय धरावे लागत नाहीत.

मग शेतावर पाहणी. २५ मेला बाजारातले तिघे जण स्वतःच्या गाडीनं, स्वतःच्या पैशानं आले. मला वाटलं होतं पाच मिनिटं बघतील आणि आमरस खाऊन जातील. त्यांनी विहीर पाहिली, फवारणीच्या बाटल्या कुठे ठेवता विचारलं, कुठलं औषध कधी मारलं ते विचारलं. दादानं खरं सांगितलं, मावा आला की मारतो, मारल्यावर आठ दिवस तोडत नाही. मी मनात म्हटलं, झालं. पण त्यातल्या बाईंनी वहीत तसंच लिहिलं आणि म्हणाल्या, "टेबलावर 'सेंद्रिय' अशी पाटी लावू नका म्हणजे झालं." १ जूनला फोन आला: १६ जूनपासून चार रविवार प्रायोगिक, मग बघू.

त्या पंधरा दिवसांत तीन खर्च झाले. पहिला वजनकाट्याचा. मी घरातला केक करायचा डिजिटल काटा नेणार होते. तो चालत नाही, काट्यावर वजनमापे विभागाचा शिक्का लागतो आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर वर्षी करून घ्यावी लागते. कल्याणच्या दुकानातून तीस किलोचा काटा घेतला, शिक्का आणि प्रमाणपत्रासकट ४,३०० रुपये. प्रमाणपत्राची लॅमिनेट केलेली प्रत टेबलाखाली लटकवून ठेवते. मूळ प्रत घरी ठेवा, पावसात शाई उतरते.

दुसरा खर्च टेम्पोचा. गावाहून मुलुंडपर्यंत छोट्या हत्तीचं भाडं २,४००, आणि शहाडच्या पुलावर अडकलात तर ड्रायव्हरचा चेहरा वेगळाच. एकट्यानं हे परवडणं अशक्य. शेजारच्या गावातले दोघे जण ठाण्याच्या दुसऱ्या बाजारात माल पाठवतात, त्यांच्याबरोबर विभागून आठशे आठशे रुपये ठरले. माल शनिवारी रात्री भरायचा, पहाटे तीनला निघायचं, साडेपाचला मैदानाच्या फाटकावर.

तिसरा खर्च फक्त ५०० रुपयांचा, पण त्यानं सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. वहिनींचे नाचणीचे पापड, कुरडया आणि मेतकूट. शेतकऱ्यानं पिकवलेल्या मालाला २००६चा अन्न सुरक्षा कायदा लागत नाही, भेंडी थेट टेबलावर मांडा. त्याच शेतातल्या नाचणीचा पापड लाटला की लागतो. तेव्हा, २०२४मध्ये, वर्षाची उलाढाल बारा लाखांच्या आत असेल तर पूर्ण परवान्याऐवजी साधी नोंदणी पुरायची, वर्षाला शंभर रुपये, एकदम पाच वर्षांची करता यायची. अर्ज 'फॉसकॉस' या अन्न नोंदणीच्या सरकारी साइटवर ऑनलाइन. मी वहिनींच्या नावानं १० जूनला भरला, पाच वर्षांचे पाचशे भरले, आणि तेराव्या दिवशी अर्ज परत आला. चूक माझीच. पत्त्यात मी गावाचं नाव जसं बोलतो तसं लिहिलं होतं, आधारवर ते वेगळ्याच स्पेलिंगनं होतं. दुरुस्त करून पाठवलं. मग एक दिवस वहिनींना फोन आला, पाणी कुठलं वापरता, पापड कुठे वाळवता. वहिनींनी गच्ची म्हणून सांगितलं आणि लगेच, "पण वर जाळी घालतो हं!" चौदा आकडी नंबर मिळाला तो ५ ऑगस्टला.

तोपर्यंत पापड विकायचे नाहीत हे मी वहिनींना सांगितलं तेव्हा त्या चिडल्याच. "ताई, तुमच्या लग्नात दोनशे माणसांनी खाल्ले ते पापड, तेव्हा कुणी नंबर विचारला नव्हता."

आता १६ जून.

९ जूनला मुंबईत मोसमी पाऊस दाखल झाल्याचं जाहीर झालं होतं, म्हणजे रानात शेवळं, ही पहिल्या पावसातली रानभाजी, वर आलेली. शेवळं आमच्या शेतातली नव्हेत. वरच्या ठाकरवाडीतल्या बाया ती काढतात. बाजाराचा नियम असा की स्वतःच्या शेतातलं किंवा स्वतःच्या गावातलं चालेल, पण कुणाचं ते पाटीवर लिहायचं. वाडीतल्या एका आजींकडून पंधरा रुपये जुडीनं चाळीस जुड्या घेतल्या, केळीच्या सोपटानं बांधलेल्या, प्रत्येक जुडीबरोबर काकडाची मूठभर आंबट फळं. शिवाय तीस किलो भेंडी, टाकळ्याच्या चाळीस जुड्या, काकडी, आणि शेवटची जांभळं. दादा टेम्पोबरोबर आला होता. आम्ही दोघांनी हिरव्या कापडावर सगळं मांडलं, मागे उभे राहिलो आणि दोघांच्याही लक्षात आलं की ओरडायचं कसं हे आपल्याला येत नाही.

पहिली वीस मिनिटं कुणी थांबलं नाही. लोक बघायचे, "छान" म्हणायचे आणि नेहमीच्या माणसाकडे जायचे. मीही तीन वर्षं तेच करत होते. मग साठीच्या पुढच्या एक काकू समोरून जाता जाता थबकल्या, दोन पावलं मागे आल्या. "शेवळं? काकडं आहेत का बरोबर?" आहेत म्हटल्यावर त्यांनी सहा जुड्या उचलल्या. भवानी झाली. त्यांच्या मागे एक तरुण मुलगी उभी होती, तिनं विचारलं हे काय असतं. काकूंनीच तिला तिथे उभ्या उभ्या शिकवलं: वरची पानं सोलायची, आत जो दांडा निघतो त्याचा पिवळा रवाळ भाग काढून टाकायचा, नाहीतर घसा धरतो. बाकीचं बारीक चिरायचं, काकडाच्या रसात किंवा चिंचेच्या कोळात शिजवायचं, मग सोडे घाला नाहीतर वालाचे बिरडे. मुलीनं फोनवर लिहून घेतलं आणि एक जुडी घेतली. त्या एका संभाषणावर माझ्या पुढच्या दहा जुड्या गेल्या, कारण मी येणाऱ्या प्रत्येकीला काकूंचंच वाक्य ऐकवत होते. साडेनऊला शेवळं संपली.

भेंडी मात्र हलेना. भाव ठरवताना मी पणन मंडळाच्या साइटवर रोजचे घाऊक भाव बघितले होते, स्टेशनबाहेरचा भाव माहीत होता, मधला म्हणून साठ रुपये किलो लावला. भाव बरोबरच होता. पण तीस किलो भेंडी एका टेबलावर? शेजारच्या दोन टेबलांवरही भेंडी होती. टाकळ्याचं तर विचारू नका. माठ-मेथीसारखं ओळखीचं नाव नाही, पान दिसायला मेथीसारखं, म्हणून लोक मेथी समजून उचलायचे आणि नाव ऐकून ठेवायचे.

अकराला हिशेब केला. भेंडी सोळा किलो, ९६० रुपये. शेवळं १,२००. टाकळ्याच्या अठरा जुड्या, २७०. काकडी ३६०, जांभळं ३५०. एकूण ३,१४०. त्यातून टेबल ३००, टेम्पो ८००, वाडीतल्या आजींचे ६००, आमचा दोघांचा चहा-वडापाव १२०. राहिले १,३२०. दादा खूश होता. मी त्याला विचारलं, "आणि हे?" टेबलाखाली चौदा किलो भेंडी आणि टाकळ्याच्या बावीस जुड्या. टेम्पो परत गेलेला. ती भेंडी मी आमच्या सोसायटीत, दादाच्या साडूकडे आणि ऑफिसात वाटली. टाकळा तीन दिवस आमच्याकडे दोन्ही वेळा होता. मुलगा अजून टाकळ्याचं नाव काढलं की घर सोडून जातो.

मी कागदपत्रांना घाबरले होते. कागद शेवटी कागद असतो, चुकला तर परत येतो, दुरुस्त करून पुन्हा पाठवता येतो. किती माल आणायचा याला मात्र दुरुस्ती नाही. शनिवारी संध्याकाळी तोडलं की तोडलं. कल्याणला दादा शंभर किलो नेतो आणि भाव पडला तरी शंभर किलो जातंच. इथे भाव तिप्पट, पण उरलेलं आपल्याच गळ्यात. त्या दिवसापासून आम्ही वही केली. तीन रकाने: आणलं, विकलं, परत. दादा दर रविवारी साडेअकराला फोन करतो, आणि किती झाले असं त्यानं कधी विचारलेलं नाही. विचारतो, "किती परत आलं?"

२३ आणि ३० जून बरे गेले. ७ जुलैला वाट लागली. शनिवारपासूनच पावसानं धरलेलं. आम्ही चवळीच्या शेंगा, कुर्डूच्या आणि भारंगीच्या जुड्या, भेंडी असं सगळं आणलं. मैदानात घोट्यापर्यंत पाणी, मांडवाची ताडपत्री फुगून मध्येच बदाबदा ओतायची. जेमतेम पन्नास गिऱ्हाईकं आली असतील पूर्ण बाजारात. प्लॅस्टिकची पिशवी मागणारे त्यातले निम्मे. २०१८पासून बंदी आहे, पहिल्या वेळेला पाच हजार दंड, हे मी भिजत भिजत किती जणांना समजावणार? जुनी पेपर बॅग दिली की ती फाटकापर्यंत जाईतो फाटायची. विक्री १,१५०. खर्च १,६००. म्हणजे साडेचारशे खिशातले, आणि माल परत आला तो वेगळा. ओल्या पालेभाज्या दुपारपर्यंत काळ्या पडल्या. त्याच रात्री एक ते सकाळी सातपर्यंत मुंबईत काही ठिकाणी तीनशे मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, सोमवारी लोकल बंद, मी घरी. दिवसभर वही घेऊन बसले होते.

वहीतून जे निघालं ते असं. पाऊस असला की पालेभाजी निम्मी, फळभाजी तेवढीच. लोक पावसात चिरायला सोपं घेतात. कुठलीही भाजी शेजारच्या दोन टेबलांवर असेल तर आपण आठ किलोच्या वर आणायची नाही. रानभाज्या एका वेळी दोनच, तीन आणल्या की समजावून सांगायला तोंड पुरत नाही. आणि नव्या भाजीच्या दहा जुड्या आणायच्या, वीस नाही, संपल्या तरी चालेल. "संपलं, पुढच्या रविवारी आणते" या वाक्याचा उपयोग मला फार उशिरा कळला. ज्यांना नाही म्हटलं ते पुढच्या वेळी सातला येतात.

पिशव्यांचं म्हणाल तर वाडीतल्या बायांनीच मार्ग दाखवला. त्या रानभाजी सागाच्या पानात बांधून आणतात. आम्ही आता प्रत्येक खेपेला सागाच्या पानांचा गठ्ठा आणतो, पालेभाजी त्यात बांधून देतो. पिशवी आणलीत तर बरं, नाहीतर पान. लोक त्या पानाचे फोटो काढतात, भाजीचे नाही. काढू देत.

४ ऑगस्टला कंटोळी आली. याच भाजीबद्दल मला पोटात गोळा होता, कारण ती महाग आणि लवकर पिकते. आतली बी लाल झाली की गेली. बारा किलोच आणली, पाव साठ रुपये, आणि सव्वाआठला टेबल रिकामं. वाडीतल्या आजी त्या दिवशी पहिल्यांदा टेम्पोत बसून आल्या होत्या. अख्खा वेळ खुर्चीवर बसून राहिल्या, एकही शब्द नाही. शेवटी एका बाईनं विचारलं, "शेतातली का रानातली?" मी तोंड उघडणार तोच आजी म्हणाल्या, "वासावरनं कळत न्हाय व्हय?" बाईंनी वास घेतला. अर्धा किलो घेतली. त्या रविवारपासून आजींचा माल आम्ही विकत घेणं बंद केलं, आता त्यांचा स्वतंत्र कोपरा आणि स्वतंत्र डबा. टेबलाच्या भाड्यातले पन्नास रुपये त्या हट्टानं देतात.

११ ऑगस्टपासून पापड. नोंदणीचा नंबर आला तरी काम संपत नाही, लेबल राहतं. नाव, घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, किती दिवस टिकतील, किंमत, पत्ता, तो चौदा आकडी नंबर आणि चौकोनातला हिरवा ठिपका. पहिली शंभर लेबलं छापून आणली त्यात तारखेला जागाच ठेवलेली नव्हती. १८० रुपये पाण्यात. दुसऱ्या वेळी तारखेची जागा कोरी सोडली आणि रबरी शिक्का करून घेतला. पापड बरे जातात, मेतकूट फार जातं. परत येत नाही हा त्यांचा खरा गुण. पुढच्या रविवारीही तेच विकता येतात. पावसात टेबल तारतं ते मेतकूटच.

चार रविवार प्रायोगिक होते ते कधीच संपले होते, पण पुढचं कुणी काही बोललं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. २५ ऑगस्टला काकांनी अनामतीची पावती आणून दिली, मार्चपर्यंतची. शेतावर आलेल्या त्या बाई जाता जाता म्हणाल्या, "ऋषिपंचमी रविवारी आहे. विचार करा."

मला विचार करायला लागला नाही, वहिनींनी केला. ८ सप्टेंबर, गणपतीचा दुसरा दिवस. ऋषीच्या भाजीला एकेक गोष्ट थोडी थोडी लागते, आणि शहरात ती पाव पाव घेत बसलं की चार माणसांच्या घरात आठवडाभराची भाजी होते. वहिनी म्हणाल्या, वाटे करा. एका वाट्यात अळूची चार पानं देठांसकट, लाल माठ, पडवळाचा तुकडा, एक शिराळं, सहा भेंड्या, भोपळ्याची फोड, सुरणाचा तुकडा, अर्धं मक्याचं कणीस, मूठभर ओल्या शेंगा, दोन मिरच्या आणि आंबटाला एक अंबाडा. शंभर रुपये. किती वाटे? दादा म्हणाला शंभर. मी वही उघडली, सणाचा दिवस, लोक गावी गेलेले, पाऊस असण्याची शक्यता. साठ म्हटलं. वीस मिनिटं भांडलो फोनवर. साठ ठरले, आणि अळूच्या पंधरा सुट्या जुड्या, ज्यांना फदफदं करायचं असेल त्यांच्यासाठी.

दादाकडे दीड दिवसाचा गणपती, त्यामुळे तो येणार नव्हता. टेम्पोवाल्याकडेही गणपती. शेवटी वहिनींच्या भावानं शनिवारी रात्री बाइकच्या मागे दोन कॅरेट बांधून आणले आणि बाकीच्या दोन गोण्या घेऊन त्याचा मित्र दुसऱ्या बाइकवर. रात्री बारा ते दोन आमच्या हॉलमध्ये, आरास केलेल्या गणपतीसमोर, मी, नवरा आणि टाकळ्याचा शत्रू असलेला मुलगा साठ वाटे लावत होतो. सुरण चिरताना हाताला खाज आली. हातमोजे घाला, किंवा आधी हाताला कोकमाचं आगळ चोळा.

मैदानात निम्मी टेबलं रिकामी. सातला पहिला वाटा गेला. साडेसातला आजी आजोबांची एक जोडी आली, आजींनी वाटा उचलला, पान बाजूला करून सगळं मोजलं आणि मला विचारलं, "बैलाच्या मेहनतीची नाही ना गं?"

ऋषिपंचमीला बैलाच्या मेहनतीचं खात नाहीत. खरं सांगते, माझ्याकडे उत्तर तयार नव्हतं. आमच्याकडचे बैल अण्णा असतानाच विकले. "आजी, बैलच नाहीत हो आमच्याकडे. पॉवर टिलर आहे."

आजींनी आजोबांकडे बघितलं. आजोबांनी खांदे उडवले. आजी थोडा वेळ विचारात पडल्या. "मग चालेल," म्हणाल्या, आणि सुनेसाठी दुसरा घेतला.

सव्वानऊला वाटे संपले. त्यानंतर आलेल्या बारा-तेरा जणांना मी नाही म्हटलं. दादाचे शंभर गेले नसते, ऐंशी मात्र गेले असते, हे वहीत लिहिलं आहे. टेबल आवरून, काटा पुसून, घरी येऊन आमचीही ऋषीची भाजी फोडणीशिवाय शिजायला ठेवली आणि चारच्या सुमारास दादाचा फोन आला. मागे ताशा वाजत होता, नदीवर होते ते सगळे.

"किती परत आलं?"

"अळूच्या दोन जुड्या."

"मग पंधरा तारखेला दोन कमी पाठवतो." ताशाच्या आवाजात त्याला ओरडावं लागत होतं. "पण बावीसला पितृपक्ष आहे, तेव्हा वीस जास्त. लिहून ठेव."